उणे साठची वही

मी केमिस्ट आहे असं सांगितलं की जळगावात लोक लगेच दुखणं काढतात. मेहरूणला राहायला आले तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात गुडघा पुढे केला आणि कोणतं मलम चांगलं ते विचारलं. मी म्हटलं, काकू, मी दुकानातली केमिस्ट नाही, कारखान्यातली आहे. त्यांना वाटलं, बाई सांगायला टाळते आहे. गेल्या वर्षी निवृत्त झाले तरी त्यांचा तो ग्रह गेलेला नाही. म्हणून या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी उडीच मारली. एकदाचं सगळ्यांना सांगून टाकते, मी तीस वर्षं नेमकं काय करत होते ते!

मी लिथियम बसवत होते. हो, बसवत होते. तोच शब्द बरोबर आहे.

औषधाची गोळी तुमच्यापर्यंत येते ती फार उशिरा. त्याआधी तिचे लहान लहान तुकडे वेगवेगळ्या गावांतल्या कारखान्यांत तयार होतात. आमचा कारखाना असे तुकडे करायचा. त्यातला एक तुकडा माझ्या फार जिव्हाळ्याचा. सहा कोपऱ्यांचं एक कडं डोळ्यांपुढे आणा. पाच कोपऱ्यांवर कार्बन, एका कोपऱ्यावर नायट्रोजन. नायट्रोजनला एक नंबर द्यायचा आणि तिथून मोजत जायचं. या कड्याच्या दोन नंबरवर, म्हणजे नायट्रोजनला खेटून, एक ब्रोमीन. आणि पाच नंबरवर, म्हणजे लांबच्या बाजूला, दुसरं ब्रोमीन. दोन्ही ब्रोमीन दिसायला सारखी, वजनाला सारखी. गिऱ्हाइकाचं म्हणणं असं की त्यातलं दोन नंबरचंच काढा, तिथे आम्ही सांगतो तो तुकडा जोडा, आणि पाच नंबरच्याला हात लावू नका.

आता हे करायचं कसं? चिमटा तर लावता येत नाही. तिथे लिथियम येतं. ब्यूटाइल लिथियम नावाचं एक अतिशय तापट द्रव्य आहे, हवा लागली की धूर, पाणी लागलं की आग. ते उणे साठ अंशांच्या थंडीत थेंब थेंब घातलं की ब्रोमीन उठतं आणि त्याच्या जागी थोडा वेळ लिथियम बसतं. ते बसलेलं असतानाच हवा तो तुकडा घालायचा, की तो बरोब्बर त्याच जागेवर चिकटतो. म्हणजे लिथियम कुठे बसलं यावर सगळं. दोन नंबरवर बसलं तर माल, पाच नंबरवर बसलं तर कचरा.

एकदा एका कंपनीचे खरेदी अधिकारी आले होते. फार हुशार माणूस, पण कागदावरचा. त्यांना आम्ही सांगितलं की पाच नंबरचा माल तुम्हाला चालणार नाही. ते म्हणाले, मॅडम, फॉर्म्युला तर दोन्हींचा एकच आहे, मग फरक काय पडतो? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, साहेब, तुमचं डोकं खाली आणि पाय वर लावले तरी वजन तेवढंच भरेल, चालेल का? त्यांनी चहा अर्धाच घेतला. पण माल दोन नंबरचाच मागवला.

तर त्या मालाची ही गोष्ट. प्रयोगशाळेत मी तो तीनदा केला आणि तिन्ही वेळा सुरेख झाला. त्यातली गोम मला सापडली होती आणि मी नुसती तरंगत होते. गोम अशी की लिथियमला कोणत्या द्रवात ठेवता त्यावर ते जागा निवडतं. टोल्युइनमध्ये ठेवलं तर टोल्युइन त्याला विचारत नाही. मग ते बिचारं आधारासाठी नायट्रोजनच्या शेजारी, दोन नंबरवर बसतं. लग्नात एकटी आलेली बाई कशी ओळखीच्या एकीला शोधून तिच्याच शेजारी बसते, तसं. टीएचएफ नावाच्या द्रवात ठेवलं तर टीएचएफच त्याला सगळीकडून धरून ठेवतं, त्याला नायट्रोजनची गरज उरत नाही, आणि मग ते जाऊन पाच नंबरवर बसतं. म्हणून टोल्युइन, भरपूर पातळ, आणि थंडी. मी घरी जाऊन हे आमच्या ह्यांना पाट मांडून समजावलं. ते शाळामास्तर. ते म्हणाले, लिथियम बसलं असेल तर आपणही जेवायला बसू.

आता सुपडूभाऊ. पाचोऱ्याकडचा माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, आमच्या थंड रिअ‍ॅक्टरचा, म्हणजे रसायनं एकत्र करायच्या मोठ्या बंद भांड्याचा, ऑपरेटर. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणायचा. मीही. रिअ‍ॅक्टरच्या पोटाला हात लावून आतलं पातळ आहे की दाटलंय ते सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. ते अहिराणी बोलायचे. मी पिंपळनेरची, त्यामुळे मला ती भाषा घरचीच. शिकायला धुळ्याला आणि मग नोकरीला जळगावला आल्यावर माझी जीभ ऑफिसची झाली, पण कान तिकडचेच राहिले.

त्यांच्याकडे एक वही असायची. लांबट, निळ्या कव्हरची. प्रत्येक बॅचला एक पान. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर पाहायचा, आकडा लिहायचा. बॅच संपली की पानाच्या तळाशी डावीकडे ऑपरेटरची सही, उजवीकडे केमिस्टची, म्हणजे माझी. कॉम्प्युटर आले, आलेख आले, तरी भाऊंनी वही सोडली नाही.

मे महिना होता. जळगावचा मे कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. बाहेर पंचेचाळीस आणि आमच्या रिअ‍ॅक्टरच्या पोटात उणे साठ! मधे फक्त एक पत्रा आणि त्याभोवती थंड द्रव खेळवणारं एक जाकीट. पाइपांवर पांढरं बर्फ चढलेलं आणि आमच्या मानेवरून घाम वाहतोय. मला अशा दिवशी काय आनंद व्हायचा म्हणून सांगू. कारखान्यातली पहिली मोठी बॅच होती. दोघांनी मिळून ती पार पाडली, भाऊ प्लॅटफॉर्मवर आणि मी खाली, वर-खाली करत.

तपासणी नसरीनकडे. ही मेहरूणचीच, शिंप्याची मुलगी, आमच्या तपासणी विभागाची प्रमुख. तिच्या मशीनमधून कागद निघतो, त्यावर प्रत्येक पदार्थाचं एक शिखर उमटतं. तिनं कागद आणून टेबलावर ठेवला. दोन शिखरं होती. दोन नंबरचं बुटकं आणि पाच नंबरचं उंच.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझं तीनदा झालेलं काम चौथ्यांदा उलटं कसं झालं? मॅनेजर चौधरीसाहेब आले, त्यांनी विचारलं काय झालं असेल. आणि मी एक क्षणही न थांबता म्हटलं, तापमान चढलं असणार. थंडी सुटली की लिथियम जागा बदलतं, हे पुस्तकातलं मला पाठ होतं. भाऊंनी वही पुढे केली. उणे साठ, उणे साठ, उणे एकसष्ट, उणे साठ. ओळीनं. एवढे एकसारखे आकडे बघून तर माझा संशय आणखीच बळावला.

सगळ्यांसमोर मी बोलले. म्हटलं, हे आकडे पाहून लिहिलेले नाहीत, बसून लिहिलेले आहेत.

भाऊ म्हणाले, "मी जे दखं तेच लिखं, अक्का."

एवढंच. आवाज चढला नाही. मी वही त्यांच्याकडे ढकलली आणि उजवीकडची सही केली नाही. चौधरीसाहेबांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगला पाठवलं, तात्पुरतं म्हणून. पण शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर तसं कायमचं पत्र निघणार हेही सांगितलं. सतरा वर्षं रिअ‍ॅक्टर सांभाळलेला माणूस खोक्यांना पट्ट्या मारायला बसला.

दुसरी बॅच बुधवारी. दुसरा ऑपरेटर होता, भाऊंच्याच हाताखाली शिकलेला. या वेळी थंडी सुरू झाल्यापासून मी स्वतः प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. खुर्ची नाही, चहा नाही. काट्यावरून नजर हलवली नाही. उणे साठ. उणे एकसष्ट. उणे साठ. माझ्या डोळ्यांदेखत, एकसारखे, ओळीनं. आणि एक गोष्ट आणखी सांगायला हवी. वर उभी असताना मला टीएचएफचा तो गोडसर वास येत होता. आमच्या कारखान्यात तो वास कायमचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एवढ्या वर्षांचं नाक, त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही.

नसरीनचा कागद आला. पाच नंबर उंच. पुन्हा.

म्हणजे भाऊ खरं बोलत होते. तापमान चढलेलं नव्हतं. मग बिघडतंय कुठे? आता कच्चा माल एकाच बॅचपुरता शिल्लक. ती गेली तर ऑर्डर गेली, आणि भाऊंचं पत्र निघालंच. पण खरं सांगते, त्या घटकेला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी माझ्या अंगात संचारलं होतं. आमच्या धंद्यात असं कोडं पडलं ना, की जेवण गोड लागत नाही आणि तरी बरं वाटतं. मी डबा तसाच ठेवला, भरीत-भाकरी दोन्ही, आणि पॅकिंगमध्ये गेले.

माफी मागायला गेले नव्हते. मागायला हवी होती. मी आपली ताठ उभी राहून म्हटलं, भाऊ, त्या दिवशी काय काय केलं ते सांगा.

"बठ्ठं सांगू?" त्यांनी विचारलं. "सकायपासून?"

मी म्हटलं, सगळं सांगा, सकाळी कारखान्याचं फाटक ओलांडल्यापासून. ते हातातली पट्टी बाजूला ठेवून सांगायला लागले. रिअ‍ॅक्टर पाहिला, घासला, गरम नायट्रोजन सोडून वाळवला. मग सगळ्या लाइनी, म्हणजे आत जाणारे पाइप, टीएचएफनं धुतल्या, पाण्याचा अंश राहू नये म्हणून. मग वारा मारला, मग टोल्युइन घेतलं. ते पुढे बोलत होते पण मला ऐकूच येत नव्हतं. टीएचएफनं धुतल्या! लाइनीच्या वळणांत, तळच्या व्हॉल्व्हच्या खोबणीत, कितीही वारा मारा, पाच-सहा लिटर राहणारच. आणि सगळ्या लिथियमला धरून ठेवायला पाच-सहा लिटर भरपूर झाले.

बॅचशीटमध्ये, म्हणजे ऑपरेटरला देतो त्या कृतीच्या कागदात, तर हे कुठेच नव्हतं. तिथे मीच लिहिलं होतं: रिअ‍ॅक्टर स्वच्छ व कोरडा करून घेणे. बस. आमच्याकडे धुणं कोणी लिहितच नाही. तांदूळ धुऊन घ्या असं पाककृतीत कोण लिहितं? ते हातानं हाताला शिकवलेलं असतं.

मी विचारलं, हे टीएचएफनं धुवायचं कोणी सांगितलं तुम्हाला?

ते म्हणाले, "तुम्हीच सांगेल व्हतं ना, अक्का."

आणि मला आठवलं. ते नवे लागले होते त्या वर्षी आम्ही मॅग्नेशियमची कामं करायचो. मॅग्नेशियमही असंच जागा धरून बसणारं, पण त्याचं सगळं काम टीएचएफमध्येच चालतं. आणि पाण्याशी त्याचं हाडवैर. एक बॅच पाण्यानं फुकट गेली तेव्हा मी या माणसाला लाइनीपाशी उभं करून फाडफाड बोलले होते. रोज, प्रत्येक बॅचआधी, टीएचएफनं धुवायचं, मी विचारलं नाही तरी धुवायचं. मी विसरले. त्यांनी सतरा वर्षं पाळलं.

मी प्रयोगशाळेत अक्षरशः पळत गेले. त्या वयात, त्या उन्हात, साडी आवरत. दोन चंबू लावले. दोन्हींत टोल्युइन, दोन्हींत तोच माल, एकाच थंडीत शेजारी शेजारी. एकात काही नाही. दुसऱ्यात दोन चमचे टीएचएफ. नसरीन तिचं मशीन सोडून येऊन उभी राहिली. दुपारचे तीन वाजले असतील. थेंब थेंब लिथियम घातलं, थांबलो, हवा तो तुकडा घातला. मग काचपट्टीवर दोन्हींचे ठिपके देऊन ती द्रवात उभी केली आणि जांभळ्या दिव्याखाली धरली. एका चंबूचा ठिपका वर, दुसऱ्याचा खाली. एक दोन नंबर, एक पाच नंबर. दोन चमच्यांनी! आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरून उड्या मारल्या. मी तिला तीनदा विचारलं, दिसतंय ना तुला, तुलाही दिसतंय ना?

ही झाली आनंदाची गोष्ट. आता पुढचं सांगते, जे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

चौधरीसाहेब खूश झाले. गिऱ्हाइकाला दोन बॅचेस का बिघडल्या ते लेखी द्यायचं होतं. त्यांनी मला वाक्य सांगितलं: ऑपरेटरने बॅचशीटमध्ये नमूद नसलेले सॉल्व्हंट वापरले. माझं नाव नको म्हणाले. तुमचं नाव आलं तर पद्धतच चुकीची आहे असं त्यांना वाटेल, आणि ऑर्डर त्यांनी पद्धत बघून दिली आहे. माणूस वाईट नव्हता, त्याला कारखाना चालवायचा होता. आणि वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी ते लिहिलं. माझ्या अक्षरात, सुवाच्य. त्या फॉर्मवर ऑपरेटरची सही लागते, म्हणून तो घेऊन पॅकिंगमध्ये गेलेही.

भाऊंनी तो सावकाश वाचला. ओठ हलवत वाचायची त्यांची पद्धत. मग खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"हाई खरं शे ना, अक्का?" त्यांनी विचारलं. "मंग करी देस सही."

माझ्या शब्दावर हा माणूस सही करायला निघाला होता. आणि त्याच्या सतरा वर्षांच्या शब्दावर मी केली नव्हती. मला तिथेच, खोक्यांच्या मधोमध, फार लाज वाटली. मी त्यांच्या हाताखालून कागद ओढला आणि फाडला. ते म्हणाले, काबरं? मी म्हटलं, खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

दुसरा कागद मी उभ्या उभ्याच लिहिला. लाइन टीएचएफने धुण्याची सूचना माझी होती, नवीन पद्धत देताना ती रद्द करायला मी विसरले, ऑपरेटरने दिलेल्या सूचना पाळल्या. खाली माझी सही. चौधरीसाहेबांनी तो वाचून चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, पाठवा, बघू काय होतं. गिऱ्हाइकाकडून त्यावर एक ओळ आली. कारण पटले, तिसरी बॅच करा.

तिसरी बॅच शनिवारीच लागली. भाऊ प्लॅटफॉर्मवर परत आले. पण यायच्या आधी त्यांनी एक अट घातली, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा घातली. आता धुवायचं तेसुद्धा लिहून द्या म्हणाले. मी बॅचशीटवर ओळ वाढवली: लाइन फक्त टोल्युइनने धुणे. त्यांनी ती वाचली आणि विचारलं की टीएचएफनं काय बिघडतं. सतरा वर्षांत मी त्यांना काय करायचं ते सांगितलं होतं, का ते कधी नाही. मग मी प्लॅटफॉर्मवर खडूनं कडं काढलं, नंबर टाकले, लग्नातली बाई सांगितली. ते एकदम हसले. म्हणाले, म्हणजे टीएचएफ तिला भलत्याच पंगतीत नेऊन बसवतं. मी म्हटलं, अगदी तेच! एवढं चांगलं मलाही सांगता आलं नव्हतं.

त्या दिवशी दोघंही आकडे बघत होतो. ते वाचायचे, मी वाचायचे, मग ते लिहायचे. बाहेर लू चालली होती आणि रिअ‍ॅक्टरच्या पोटाला हात लावून भाऊ मान डोलवत होते. नसरीनचा कागद आला तेव्हा ती जिन्याच्या खालूनच तो उंच धरून येत होती. एकच शिखर, देवळाच्या कळसासारखं उभं. पाच नंबरच्या जागी नुसती रेघ. मी खाली उतरून तो कागद हातात घेतला आणि भाऊंना दाखवायला पुन्हा वर चढले.

पुढे तो माल आम्ही कितीतरी वर्षं केला. प्रत्येक बॅचच्या पानावर उजवीकडे मी सही केली, आणि करण्याआधी वर चढून काटा पाहिला. भाऊंनी नवे ऑपरेटर शिकवले, खडूनं कडं काढून.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, श्रीफळ झालं, चौधरीसाहेबांचं भाषण झालं. भाऊ मागे उभे होते. सगळे पांगल्यावर पुढे आले. मला वाटलं, काही भेट आणली असेल, कारण हातात पिशवी होती. त्यांनी पिशवीतून ती लांबट निळी वही काढली, कोपरे झिजलेली, आणि मधलं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्या मे महिन्यातली पहिली बॅच. उणे साठ, उणे साठ, उणे एकसष्ट, उणे साठ. तळाशी डावीकडे त्यांची सही. उजवीकडे कोरं.

"एक सही बाकी शे, अक्का," ते म्हणाले.

मी प्रत्येक आकडा वरपासून खालपर्यंत वाचला. मग सही केली.